कारण लिहून द्या

माझ्याच नावाची सरकारी नस्ती मी पहिल्यांदा वाचली ती गेल्या मार्चमध्ये, मेरीलँडमधल्या आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून. अमेरिकेतल्या एका केंद्रीय कार्यालयाकडे मी ती माहितीच्या कायद्याखाली मागितली होती. उत्तर देण्यासाठी कायद्याने वीस कामकाजाचे दिवस ठरवले आहेत. प्रत्यक्षात सात महिने लागले. एकूण २१४ पाने होती. त्यांतली काही अर्धी, काही पूर्ण काळी केलेली, आणि प्रत्येक काळ्या चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक खूण : बी-६, बी-७. मजकूर कायद्याच्या कोणत्या अपवादाखाली झाकला, त्याची ती नोंद होती. झाकायचे असले तरी का झाकले ते सांगावे लागते, ही गोष्ट माझ्या दुसऱ्या वाचनात लक्षात आली.

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर हाताने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. पाठवलेली सूचना पोचली नाही, पत्ता जुना, सबब अर्ज बाजूला ठेवला. खाली तारीख आणि आद्याक्षरे. पत्ता बदलल्याचे मी वेळेत कळवले होते आणि त्याची पोचही त्याच नस्तीत बाराव्या पानावर होती. बाराव्या पानापासून अठ्ठ्याऐंशीव्या पानापर्यंत कुणी मागे उलटून पाहिले नाही, म्हणून माझे चौदा महिने गेले. राग यायला हवा होता आणि तो आलाही. पण त्याबरोबर एक विचित्र समाधानही वाटले. चौदा महिने ज्याला मी नशीब म्हणत होते, ते खरे तर एका माणसाने एका तारखेला लिहिलेले वाक्य होते, आणि ते चूक आहे असे आता बोट ठेवून दाखवता येत होते.

माझे बाबा महसूल खात्यात अव्वल कारकून होते. बारनिशीतून, म्हणजे आवक-जावक नोंदणीतून, आलेला कागद टेबलावर आला की ते आधी चष्मा पुसत, मग टिपणी लिहीत. हाताखालच्या नव्या मुलाने एखाद्या अर्जावर नुसता ‘अमान्य’ असा शेरा मारला, तर ते नस्ती तशीच परत सरकवत आणि म्हणत, ‘‘शेरा मारायला अक्कल लागत नाही, कारण लिहायला लागते.’’ हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकले होते की त्याचा अर्थ कधी लावलाच नव्हता. अमेरिकेच्या संघराज्याची नोकरशाही कशी वाढली आणि तिला जाब कोण विचारते, हे गेली काही वर्षे हौसेने वाचताना मात्र ते सारखे आठवत राहिले.

ज्या संविधानाचा हा देश इतका अभिमान बाळगतो, त्यात नोकरशाहीविषयी जवळजवळ काहीच नाही. दुसऱ्या अनुच्छेदात कायद्यांची अंमलबजावणी निष्ठेने होते की नाही हे पाहण्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्षावर टाकली आहे, आणि खातेप्रमुखांकडून त्यांच्या कामाविषयी लेखी अभिप्राय मागवण्याचा अधिकार त्याला दिला आहे. तोंडी नव्हे, लेखी. खाती किती असावीत, नेमणुकीनंतर माणसाला काढायचे कुणी, यावर महाभियोग सोडला तर संविधान गप्प आहे. १७८९ च्या उन्हाळ्यात पहिल्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, परराष्ट्र, युद्ध आणि अर्थ ही खाती निर्माण केली तेव्हा या शेवटच्या प्रश्नावर बराच खल झाला. नेमणुकीला सिनेटची संमती लागते, तर बडतर्फीलाही ती का नको, असे काहींचे म्हणणे होते. संविधानाच्या घडणीत पुढे असलेले जेम्स मॅडिसन यांचे म्हणणे असे की, ज्याने जबाबदारी घ्यायची त्याच्या हाती माणूस काढण्याची सत्ता हवी. सिनेटमध्ये मते समसमान पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या मताने मॅडिसन यांची बाजू सरस ठरली. तरीही खाते निर्माण करणारी, त्याला पैसा देणारी आणि त्याची चौकशी करणारी काँग्रेसच राहिली. आपल्याकडे दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथला सरकारी नोकर उपाशी राहिला नाही, पण जेवणाचा हिशेब त्याला दोन्ही घरी द्यावा लागला. न्यायालये हे तिसरे घर पुढे आले.

पहिली चाळीस वर्षे हा संसार आटोपशीर होता. १८२९ मध्ये अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी सांगितले की, सरकारी कामे इतकी सरळ असतात की कोणत्याही समंजस माणसाला ती जमावीत, तेव्हा वर्षानुवर्षे एकाच माणसाने खुर्ची अडवण्याचे कारण नाही. सरकारी पद ही कुणाची वडिलोपार्जित मिळकत नव्हे, हा त्यातला लोकशाहीचा धागा मला आजही पटतो. पण तीनच वर्षांनी न्यूयॉर्कचे सिनेटर विल्यम मार्सी यांनी लुटीवर विजेत्याचाच हक्क असतो असे उघड म्हटले, आणि पुढची पन्नास वर्षे टपाल कचेरीपासून जकात नाक्यापर्यंतची पदे निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने आपल्या माणसांत वाटली. त्या माणसांच्या पगारातून पक्षनिधीसाठी ठरावीक वाटा कापला जाई. त्या काळात माणसाला नोकरी का मिळाली आणि का गेली, याचे कारण सगळ्या गावाला ठाऊक असे. कागदावर मात्र ते कुठेही नसे.

वॉशिंग्टनमध्ये सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आज राष्ट्रीय कलादालनाची गुलाबी संगमरवरी इमारत आहे. तिथे पूर्वी बाल्टिमोर अँड पोटोमॅक रेल्वेचे स्थानक होते. २ जुलै १८८१ च्या सकाळी राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड सुटीवर निघण्यासाठी तिथे आले आणि प्रतीक्षालयात चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने मागून त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. गारफील्ड यांच्या प्रचारासाठी आपण एक भाषण लिहिले, त्या बळावरच ते निवडून आले, तेव्हा पॅरिसमधल्या वाणिज्य दूताचे पद ते आपल्याला देणे लागतात, असे गिटोच्या डोक्याने घेतले होते. त्यासाठी तो कित्येक आठवडे परराष्ट्र खात्याचे आणि व्हाइट हाउसचे उंबरठे झिजवत होता. माणूस भ्रमिष्ट होता यात शंका नाही. पण हजारो शहाणी माणसे तेच उंबरठे त्याच अपेक्षेने झिजवत होती, त्यामुळे त्याचा भ्रम त्या गर्दीत उठून दिसला नाही. गारफील्ड १९ सप्टेंबरला गेले. त्यांच्या जागी आलेले चेस्टर आर्थर हे स्वतः न्यूयॉर्कच्या जकातीचे मुख्य अधिकारी राहिलेले, म्हणजे याच वशिलेबाजीच्या मुशीतून घडलेले; आणि १६ जानेवारी १८८३ रोजी पेंडलटन कायद्यावर सही केली ती त्यांनीच.

त्या कायद्याने स्पर्धा परीक्षा आणल्या आणि पक्षनिधी दिला नाही म्हणून कुणाला काढायला बंदी घातली. सुरुवातीला त्याखाली केंद्राच्या साधारण एक दशांश जागा आल्या. बाकीच्या कशा आल्या, हा भाग मला फार मजेचा वाटतो. कोणत्या जागांना संरक्षण द्यायचे हे राष्ट्राध्यक्षाच्या आदेशाने वाढवता येत असे. मग पायउतार होणारा राष्ट्राध्यक्ष जाता जाता आपण नेमलेल्या माणसांच्या जागा त्या यादीत घालून जाई, म्हणजे पुढच्याला त्यांना हात लावता येऊ नये. गुणवत्तेची व्यवस्था अशी बऱ्याच अंशी स्वार्थाच्या खतावर वाढली. या कायद्याचा मसुदा करणाऱ्या डोरमन ईटन यांनी आधी ब्रिटनच्या सुधारणांचा अभ्यास केला होता, आणि ब्रिटनने खुल्या स्पर्धा परीक्षेचा प्रयोग सर्वांत आधी केला तो १८५५ पासून, हिंदुस्थानच्या मुलकी सेवेसाठी. जी परीक्षा द्यायला आपल्याकडच्या मुलांना समुद्र ओलांडून लंडनला जावे लागे, तिची एक फांदी अशी वॉशिंग्टनला जाऊन रुजली.

त्याच वर्षांत त्या स्थानकापासून थोड्याच अंतरावर एक अवाढव्य लाल विटांची इमारत उभी राहत होती, ती यादवी युद्धातल्या सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे काम पाहणाऱ्या कचेरीची. आता तिथे वास्तुकलेचे संग्रहालय आहे आणि पाहुणे आले की मी त्यांना हटकून तिथे नेते. आत पंचाहत्तर फूट उंचीचे आठ खांब आहेत, संगमरवरासारखे दिसणारे, पण आतून विटांचे. बाहेरून इमारतीला वेढून सैनिकांची एक लांबच लांब शिल्पपट्टी चालत राहते. माझे लक्ष मात्र खोल्यांकडे जाते. तिथे कारकून बसत आणि त्यांच्या पुढ्यात एखाद्या विधवेचा अर्ज असे : नवरा याच पलटणीत होता का, जखम लढाईतली की आधीची, लग्न खरोखर झाले होते का. पुरावा अपुरा वाटला तर कचेरीचा तपासनीस थेट तिच्या गावी जाऊन शेजाऱ्यांचे जबाब घेई. ज्या स्त्रिया पूर्वी गुलाम होत्या त्यांच्याकडे लग्नाचा दाखला असणे शक्यच नव्हते, कारण गुलामांचे लग्न कायदा मानतच नव्हता. मग लग्नाला हजर असलेली म्हातारी माणसे शपथेवर सांगत, आणि तपासनीस लिहून घेई. कचेरीने संशयापोटी गोळा केलेले ते जबाब आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि ज्यांच्याविषयी एरवी एक ओळही उरली नसती त्यांचे संसार इतिहासकार त्यांतून वाचतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल ज्यांनी सोडून पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

कचेरीने नकार दिला की अर्जदार आपल्या प्रतिनिधीकडे जाई आणि काँग्रेस त्या एका व्यक्तीसाठी स्वतंत्र विधेयक मंजूर करी. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड अशी विधेयके रात्री जागून वाचत आणि त्यांनी दोनशेहून अधिक परत पाठवली, प्रत्येकाबरोबर नकाराचे लेखी कारण जोडून. त्यांतली काही कारणे बोचरी आहेत. जाब विचारण्याची ती एक तऱ्हा झाली, पण अशा तऱ्हेने देश चालवणे कठीण होते.

१८८७ मध्ये रेल्वेच्या दरांवर लक्ष ठेवायला आयोग आला, मग अन्न, औषधे, व्यापार, बँका असे करत केंद्राचे हात पसरत गेले, आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या १९३३ नंतरच्या काळात नियम इतक्या वेगाने निघू लागले की ते कुठे ठेवले आहेत हे खुद्द सरकारला कळेना. टेक्ससमधल्या तेलाचा खटला याचा कळस आहे. ठरवून दिलेल्या कोट्यापेक्षा जास्त तेल काढल्याबद्दल तिथे लोकांवर कारवाई चालू होती. प्रकरण १९३४ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात पोचले तेव्हा सरकारी वकिलांना कबूल करावे लागले की, ज्या कलमाच्या भंगाबद्दल ही कारवाई चालली आहे, ते तेलधंद्याच्या नियमसंहितेची दुरुस्ती करताना वर्षभरापूर्वी चुकून गळून पडले आहे. नियम अस्तित्वातच नव्हता, आणि हे ना फिर्यादीला ठाऊक होते, ना आरोपीला, ना खालच्या न्यायाधीशांना. हे आदेश सामान्य माणसाला पाहायला मिळतात तरी कुठे, असे न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी भर सुनावणीत विचारले, आणि सरळ उत्तर कुणापाशी नव्हते.

त्या नाचक्कीतून १९३५ मध्ये कायदा झाला आणि मार्च १९३६ पासून केंद्राचे राजपत्र, म्हणजे फेडरल रजिस्टर, निघू लागले. दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदा आला. एकूण यंत्रणेचा कणा कोणता असे कुणी विचारले तर मी या रूक्ष नावाच्या कायद्याकडे बोट दाखवीन. त्याने घालून दिलेली रीत साधी आहे : नियम करायचा तर आधी मसुदा छापा, लोकांना बोलू द्या, आणि अंतिम नियमाबरोबर त्याचा आधार व हेतू लिहा. लोकांनी घेतलेल्या महत्त्वाच्या हरकतींना उत्तर दिले नाही तर न्यायालय नियम रद्द करू शकते. मनमानी आणि लहरी असेल तर कृती टिकणार नाही, असे कायद्याचे शब्द आहेत. लोक थट्टा करतात की एका नियमाला शंभर पानांची प्रस्तावना असते; ती असते, कारण पुढे न्यायालयात हरकत निघणार हे लिहिणाऱ्याला पक्के माहीत असते.

कारण लिहिण्याच्या सक्तीने काय साधते, याचे उदाहरण म्हणून मला फ्रान्सेस केल्सी आठवतात. १९६० मध्ये त्या अन्न व औषध प्रशासनात नव्याने रुजू झाल्या आणि युरोपात आधीच विकले जाणारे थॅलिडोमाइड हे औषध त्यांच्या टेबलावर आले. साठ दिवसांत हरकत घेतली नाही तर परवानगी आपोआप मिळणार, असा तेव्हाचा नियम होता. दर वेळी मुदत संपायच्या आत केल्सी यांनी कंपनीला अर्ज अपुरा असल्याचे लेखी कळवले आणि काय अपुरे आहे तेही सांगितले. कंपनीने वरपर्यंत तक्रारी केल्या. वर्षभरानंतर युरोपात त्या औषधामुळे हजारो बाळे व्यंग घेऊन जन्मल्याचे उघड झाले. बाहेरून पाहणाऱ्याला तोवर जे दिसत होते, ते एका हट्टी अधिकाऱ्याने अडवून ठेवलेले प्रकरण. माझ्या नस्तीवरच्या दोन ओळी आणि केल्सी यांची पत्रे दुरून सारखीच दिसतात. फरक कळतो तो कारण वाचल्यावर.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लागोपाठच्या दोन दिवसांत लागले आहेत, आणि ते एकत्र वाचावेत असे मला नेहमी वाटते. पहिला २३ जून १९८३ चा. जगदीश राय चढ्ढा हे केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे, ब्रिटिश पासपोर्टवर अमेरिकेत शिकायला आलेले विद्यार्थी. १९७२ मध्ये व्हिसा संपला तेव्हा केनियाचे दार बंद झाले होते आणि ब्रिटनचे उघडायला वेळ लागणार होता. इमिग्रेशन न्यायाधीशाने त्यांची अडचण ऐकून, नोंदवून, १९७४ मध्ये हद्दपारी थांबवली. पण अशा निर्णयांवर काँग्रेसच्या कोणत्याही एका सभागृहाला नकाराधिकार होता. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहात एक ठराव आला : ३४० प्रकरणांपैकी सहा जणांची हद्दपारी थांबवू नये. ठराव छापला नव्हता, सभासदांच्या हाती नव्हता, चर्चा झाली नाही, मतांची नोंद झाली नाही, आणि या सहा जणांनाच का वगळले याचे उत्तर, ते कायद्याच्या अटींत बसत नाहीत असे समितीला वाटते, एवढेच होते. चढ्ढा लढत राहिले. साडेसात वर्षांनी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितले की, कायदा बदलायचा तर दोन्ही सभागृहांतून मंजूर करून आणि राष्ट्राध्यक्षापुढे ठेवूनच बदलावा लागेल. एका सभागृहाला असा परस्पर नकार देता येणार नाही. जवळपास दोनशे कायद्यांमधली तशीच कलमे एका फटक्यात डळमळली. निकाल सत्तांच्या विभागणीचा आहे हे मला मान्य आहे. पण तो वाचताना मला दिसते ती धड कारण न सांगता खोडलेली सहा नावे.

दुसऱ्या दिवशी, २४ जूनला, न्यायालयाने कार्यकारी बाजूचा कान धरला. मोटारीत अपघाताच्या वेळी आपोआप काम करणारी संरक्षक व्यवस्था, म्हणजे एअरबॅग किंवा आपोआप लागणारा पट्टा, सक्तीची करणारा १९७७ चा नियम रेगन यांच्या प्रशासनाने १९८१ मध्ये मागे घेतला होता. मोटार कंपन्या पट्टाच निवडतील आणि लोक तो काढून टाकतील, तेव्हा फायदा नाही, असे खात्याचे म्हणणे. न्यायालयाने विचारले : मग नुसती एअरबॅग सक्तीची का केली नाही? या पर्यायावर खात्याच्या कागदांत एक अक्षरही नव्हते. सरकार बदलले म्हणून धोरण बदलायला हरकत नाही; पण जुना नियम काढायलाही नवा करण्याइतकेच कारण द्यावे लागते, म्हणून प्रकरण परत. बाबांनी नस्ती परत सरकवली असती, तसेच.

१९७८ मध्ये वॉटरगेट घोटाळ्याच्या सावलीत अनेक मोठ्या खात्यांत महानिरीक्षक बसवले गेले. खात्याच्या आत राहून खात्याचेच दोष काढायचे आणि अहवाल काँग्रेसलाही द्यायचा, असे हे अवघड जागेचे पद आहे. राष्ट्राध्यक्ष त्यांना काढू शकतो. पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीस दिवस आधी काँग्रेसला प्रकरणनिहाय, सविस्तर, लेखी कारण कळवावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये एका शुक्रवारी रात्री सतराच्या आसपास महानिरीक्षकांना थोडक्या ओळींची ईमेल गेली. कारण एवढेच, की प्राधान्यक्रम बदलत आहेत. सप्टेंबरमध्ये एका जिल्हा न्यायाधीशांनी ही बडतर्फी बेकायदा ठरवली आणि तरीही त्यांना पुन्हा कामावर घ्यायचा आदेश दिला नाही. हा वाद जुनाच आहे. रूझवेल्ट यांनी व्यापार आयोगाचे सदस्य विल्यम हम्फ्री यांना, आपली दोघांची मने जुळत नाहीत, असे पत्राने कळवून काढले होते. ते कारण कायद्यात बसत नाही असे न्यायालयाने १९३५ मध्ये एकमताने म्हटले, तोवर हम्फ्री वारले होते आणि खटला त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने चालवला. त्या निकालाचा पायाही २०२५ मध्ये पुन्हा वादात आला. नोकरशाहीला मतदारांनी निवडलेल्या माणसाचे ऐकायला लावणे ही काही वाईट इच्छा नव्हे, मॅडिसन यांचेही तेच म्हणणे होते. पण २०२५ च्या सुरुवातीला तेवीस लाखांच्या आसपास नोकर आणि त्यांच्यावर साधारण चार हजार राजकीय नेमणुका असलेल्या या रचनेत ‘मी सांगतो म्हणून’ हे कारण एकदा पुरेसे ठरले, की बाकीची पाने लिहायची कुणी आणि कशासाठी?

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ अशाच एका केंद्रीय खात्यात सत्तावीस वर्षे नियमांच्या हरकती वाचून त्यांना उत्तरे लिहीत होते. त्यांनी गेल्या वर्षी मुदतीआधी निवृत्ती घेतली. मी माझी नस्ती त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी अठ्ठ्याऐंशीवे पान बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘‘निदान तारीख घातली आहे.’’ मग काळ्या चौकोनांविषयी अपील करायला नव्वद दिवस असतात, ते फुकट घालवू नका, असे बजावून गेले.

अपिलाचा अर्ज मी त्याच रात्री उघडला. त्यात कारणाचा एक रकाना होता. मी दोनदा लिहिले आणि दोनदा पुसले, कारण पहिल्या वेळी ती तक्रार झाली आणि दुसऱ्या वेळी भाषण. शेवटी बारावे आणि अठ्ठ्याऐंशीवे पान समोरासमोर ठेवून, त्यांच्या मधली कोणती पाने झाकली आहेत त्यांचे क्रमांक लिहिले आणि ती उघडल्याशिवाय चूक कुठे झाली ते कळत नाही, एवढे एक वाक्य जोडले. चार दिवसांनी पोच आली. तिच्यावर अपिलाचा क्रमांक आहे. तो मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, वीस कामकाजाचे दिवस मोजून, त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवला आहे.